कुशीवर वळण्यापुरती जागा

अंकुशभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मातीत उताणे पडले होते. भर सकाळी, आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या तुकड्यात, हात छातीवर, डोळे मिटलेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून किंचाळले, नवरा तांब्याभर पाणी घेऊन धावला, वॉचमन अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर शोधू लागला. तेवढ्यात त्या देहाने हात वर केला आणि डोक्यामागे मातीत एक काडी खोचली.

"भोपळ्याचं आळं हितं," ते म्हणाले, जरा पुढे सरकले आणि पुन्हा आडवे झाले.

अंकुशभाऊ मूळचे लातूरकडचे. भोसरीत लेथवर आयुष्य काढलं, रिटायर झाले आणि चऱ्होलीला आमच्या शेजारी राहायला आले. मोजायचा टेप मात्र कंपनीतच ठेवून आले. बागेची मापं वेगळी. भोपळ्याला आडवा माणूस, खरबुजाला मांडी घातलेला माणूस. खरबुजाच्या ओळीत ते ऐटीत मांडी घालत, गुडघ्यापाशी काडी खोचत आणि पुढच्या आळ्यासाठी सरकत. लांबून वाटे, पंगत बसली आहे आणि जेवायला हे एकटेच आलेत.

कुणी हसलं की उत्तर ठरलेलं. "वेल असू द्या न्हाईतर माणूस, कुशीवर वळायला जागा पायजे का न्हाई?" पाठोपाठ भोसरीतल्या खोलीची कहाणी. तिथे ते कॉट बेसिसवर राहायचे. एका कॉटवर दोघं. हे दिवसपाळीला उठले की रात्रपाळीवाला येऊन झोपायचा. "गादी कधी गार पडली न्हाई बघा!" हे ते अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा. अशा खोलीत बायकोला कुठे आणणार? चतुराकाकी गावीच राहिल्या आणि भाऊ दिवाळीला पाहुण्यासारखे घरी जात राहिले. मुलं मोठी होऊन नोकरीला लागली, फ्लॅट झाला, तेव्हा कुठे काकी आल्या.

आल्या त्या रागावूनच. लिफ्टमध्ये डोळे गच्च मिटायच्या. "हितं माती बी इकत घ्यावी लागती," म्हणायच्या. "उन्हाळा सरला की मी चालले गावाला. कायमची." हे त्यांनी मला, वॉचमनला, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. भाऊ फक्त म्हणायचे, "आधी खरबूज खा. मग जा."

तिकडे कमिटीला तोच तुकडा पार्किंगला हवा होता. चेअरमन काळे मोठे खटपटे गृहस्थ, स्वतःचं वर्कशॉप चालवणारे. "एक उन्हाळा देतो भाऊ," ते म्हणाले. "फळ दिसलं नाही तर पेव्हर ब्लॉक." पण भाऊंची मोजकी आळी आणि मधली उघडी माती बघून त्यांचाच जीव तुटायला लागला. "केवढी जागा वाया घालवताय राव!" म्हणत उरलेल्या अर्ध्या तुकड्यात त्यांनी पाकिटंच्या पाकिटं बी ओतलं.

मार्चपर्यंत काळेच जिंकत होते. त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नाही इतकी हिरवी गर्दी. ग्रुपवर रोज फोटो, खाली "याला म्हणतात शेती". भाऊंच्या बाजूला काकी गॅलरीतून बोट दाखवत. "टक्कल पडलंय बघा!"

मग ऊन तापलं. काळ्यांच्या गर्दीत वारा शिरेना, पानांवर पांढरी भुरी चढली आणि वेल एकमेकांच्या अंगावर माना टाकू लागले. अख्ख्या पसाऱ्यात लिंबाएवढं एक खरबूज आलं. त्याचा फोटो काही ग्रुपवर पडला नाही. भाऊंचे वेल मात्र ऐसपैस पसरले, मधली माती झाकून बसले, आणि एका सकाळी पिकल्या खरबुजांचा वास थेट जिन्यात आला.

सोसायटीच्या सभेत टेबलावर भोपळा ठेवला होता. तो दोघांना उचलून आणावा लागला, त्यामुळे भाषणाची गरजच पडली नाही. पहिला हात काळ्यांनीच वर केला. "पेव्हर ब्लॉक कॅन्सल! भाऊ, पुढच्या वर्षी मलाही मातीत झोपायला शिकवा." टाळ्या, शिट्ट्या, नुसता जल्लोष.

पण सत्कारमूर्ती जागेवर होते कुठे? सगळ्यात मोठं खरबूज काखोटीला मारून ते जिना चढत होते. मी ताट घेऊन मागोमाग गेले.

काकींनी एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. भाऊ हातात सुरी धरून उभे. सभेत एवढे घाबरले नव्हते.

"गोड हाय," काकी म्हणाल्या, जरा नाइलाजानेच.

भाऊ घाईघाईने मधला चोथा आणि बिया केराच्या डब्यात टाकायला निघाले, तशी काकींनी त्यांचं मनगट धरलं.

"आवं, बी कुठं फेकायलाव? राख लावून वाळवा की. पुढच्या साली लावायचं न्हाई का आपल्याला?"

भाऊंनी सगळ्या बिया माझ्या ताटात ओतल्या. मग चप्पल न घालता जे सुटले ते दारोदार. "राख हाय का, राख?" गॅसवर रांधणाऱ्या सोसायटीत राख कुठून मिळणार? शेवटी गेटवरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याने कागदात मूठभर बांधून दिली. ती पुडी दोन्ही हातांत धरून ते सभेच्या गर्दीतून परत येत होते आणि प्रत्येकाला थांबवून सांगत होते. बायकोचं नाव त्यांनी चारचौघांत घेतलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"चतुरा ऱ्हायलीय! बी ठेवायला सांगितलंय तिनं!"