हरीभाऊंची दोन वाक्यं

हरीभाऊ म्हात्रे मशीनची समजूत काढतात. तीही लेखी.

आमचं ऑफिस रोह्यात, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत. कंपनी पुण्याची. छोट्या धंदेवाल्यांना आम्ही कामाचा बोर्ड पुरवतो. बोर्ड म्हणजे मोबाईलवरचा फळा. त्यावर एकेका कामाचं कार्ड असतं आणि ते 'करायचं'मधून सरकत सरकत 'झालं'मध्ये जातं. हल्ली ही कार्डं माणसांऐवजी एआय एजंटनं हलवायची असं पुण्यात ठरलंय. त्यासाठी एजंटच्या हाती टूल्स दिली आहेत. एक कार्ड बनवायचं, एक शोधायचं, एक पुसायचं, अशी बरीच. कुठलं टूल कधी वापरायचं याची माहिती हरीभाऊ लिहितात, मी तपासतो. तपासून तपासून माझी मान आखडली आहे.

हरीभाऊ पेणचे. डोलवीकडच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर सूचनांच्या पाट्या लिहिल्या. 'येथे हात घालू नये', 'चालू पट्ट्यावरून उडी मारू नये' वगैरे. असा माणूस मोजकं लिहील, असं वाटून आमच्या साहेबांनी त्यांना रिटायर झाल्यावर कंत्राटावर घेतलं. साहेबांचे बरेच अंदाज असेच चुकतात. पाटीवर जागा नसायची, म्हणून हरीभाऊंनी जे पोटात ठेवलं होतं ते सगळं इथे बाहेर पडू लागलं.

कार्ड पुसायच्या टूलबद्दल त्यांनी लिहिलं, 'आधी थोडं थांबावं. ज्याचं काम आहे त्याला विचारावं. तो जेवायला गेला असल्यास वाट बघावी.'

"हरीभाऊ, एजंट कुणाची वाट बघत नाही," मी म्हटलं.

"म्हणून तर लिवलंय, देशमुख. सांगितल्याशिवाय त्याला काय ठाऊक? नवा हाय तो."

"वर्षभर नवाच?"

"रोजच नवा. कालचं त्याला काय आठवतंय?"

यावर मी वाद घातला नाही. एकतर दुपारचं ऊन, वरती पत्रा, आणि दुसरं म्हणजे ते खरंच होतं. आमचा एजंट दर वेळी कोरा येतो, हरीभाऊंनी लिहिलेलं वाचतो आणि कामाला लागतो. आपण मगाशी काय केलं, हे त्याच्या गावी नसतं.

त्याचा फटका पेणच्या एका गणपती कारखान्याला बसला. एजंटनं एकाच मूर्तीचं कार्ड चार वेळा बनवलं. कारखान्यातली माणसं साधी, बोर्डावर आलं म्हणजे मालकानंच सांगितलं असणार, असं धरून त्यांनी चार मूर्तींचा शाडू भिजवला. मालकानं फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग हरीभाऊंनी कार्ड बनवायच्या टूलची माहिती सुधारली. 'कार्ड बनवण्याआधी शोधावं. ते आपणच मगाशी बनवलेलं असू शकतं. तसं आढळल्यास वाईट वाटून घेऊ नये. काम चांगलंच झालं होतं.'

पुण्याहून निरोप आला, शेवटची दोन वाक्यं काढा. मी काढली. हरीभाऊंनी परत घातली. मी पुन्हा काढली, त्यांनी पुन्हा घातली. एरवी 'बरं, तुमी म्हणाल तसं' म्हणणारा माणूस, पण इथे हटून बसला. शेवटी साहेब फोनवर म्हणाले, "देशमुख, एक तर ती वाक्यं जातील नाहीतर म्हात्रे जातील. संध्याकाळपर्यंत कळवा."

नेमके त्या दिवशी हरीभाऊ आले नव्हते आणि फोनही उचलत नव्हते. म्हाताऱ्या माणसाला नोकरीवरून काढायचं पाप आपल्या माथी नको, म्हणून मी कुरकुरत पेणची गाडी पकडली.

घर कारखान्यांच्या आळीतच आहे. ओटीवर वहिनी हातात ब्रश घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात वीतभर गणपती. शेजारी हरीभाऊ.

"आमची सुमन," ते म्हणाले. "कारखान्यात डोळ्यांची आखणी हिच्याकडे असायची. सगळी मूर्ती रंगली की शेवटी डोळे. हिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाय. आज हिच्याजवळ बसणारी बाई आली नाय, म्हणून घरी राहिलो."

वहिनींनी ब्रश रंगात बुडवला आणि गणपतीच्या डोळ्याशी नेला. मी बघत होतो. डोळे आधीच आखलेले होते.

"आधी बघ गो," हरीभाऊ हळूच म्हणाले. "झालेत ते."

वहिनींचा हात थांबला. "कोणी केले?"

"तूच. सकाळी."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "परत विसरले व्हय मी?"

"वाईट नको वाटून घेऊ. चांगलेच झालेत. बघ कसे बघतात."

वहिनींनी मूर्ती उचलून उजेडात धरली, निरखली आणि लहान पोरीसारख्या हसल्या. मग चहा करायला आत गेल्या. हरीभाऊ उठून गॅसपाशी जाऊन उभे राहिले. कपबशा घेऊन दोघं बाहेर आली, चहा झाला. वहिनी कप विसळायला गेल्यावर हरीभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडलो हिच्यावर. चूक ती लगेच विसरली. ओरडलेलं नाय विसरली. कितीतरी दिवस ब्रशला हात लावायला घाबरायची."

एवढे दिवस मी लाल रेघ मारून काय काढत होतो ते मला तेव्हा कळलं. हरीभाऊंची नोकरी गेली तर वहिनींजवळ बसणारी बाईही जाणार, हेही कळलं.

मी अंगणात जाऊन पुण्याला फोन लावला. ती दोन वाक्यं असली की एजंट कमी चुका करतो, आम्ही तपासून बघितलंय, असं बिनदिक्कत ठोकून दिलं. साहेब बराच वेळ हं हं करत राहिले आणि मग म्हणाले, "असं असेल तर राहू दे. बाकीच्या टूल्सनाही घाला."

हरीभाऊंना मी यातलं काही सांगितलं नाही. रोह्याच्या गाडीची वेळ झाली होती, पाय दुखत होते, घरी जाऊन आडवं व्हायचं एवढंच डोक्यात होतं. मी चपला घातल्या.

पदराला हात पुसत वहिनी बाहेर आल्या. "अवो, पहिल्यांदा आलात आणि चहा न घेताच चाललात व्हय?"

हरीभाऊ काही बोलायच्या आत मी चपला काढल्या आणि परत ओटीवर बसलो.