हळब्यांच्या इंदूचं भाषण

वरच्या मजल्यावरचे पाद्री हालव्हर्सन सकाळीच जिना उतरून आठल्यांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, की महिनाअखेर ते सहकुटुंब नॉर्वेला परत चालले आहेत. वृंदाताई परातीत कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. इंग्रजी त्यांना बोलायला जड जाई, पण समजायचं सगळं. नेमकं हेच वाक्य समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

त्यांचे यजमान श्रीकांतराव यांची बँकेतली बदली त्यांना कलकत्त्याला घेऊन आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. बालीगंजच्या त्या घरात वर हे मिशनचं कुटुंब राहायला आलं, तेव्हा 'हालव्हर्सन' काही वृंदाताईंच्या जिभेवर बसेना. आठवड्याभरात त्यांनी त्याचं 'हळबे' करून टाकलं आणि मुलीच्या इंग्रिडची इंदू झाली. सासूबाई एकदा सांगलीहून राहायला आल्या होत्या. 'वरच्या हळब्यांची इंदू' असं दोन दिवस ऐकल्यावर त्यांनी हे हळबे मूळचे कुठले, याची चौकशी केली. तेवढ्यात पोरगी स्वतःच जिना उतरून आली. तिचा गोरापान रंग आणि घारे डोळे बघून सासूबाईंना पुढचं काही विचारायची गरज वाटली नाही. 'कोकणस्थच दिसतायत,' एवढं म्हणून त्यांनी पुन्हा वाती वळायला घेतल्या.

इंदूची आई सकाळीच मिशनच्या दवाखान्यात जाई आणि वडील बाहेरच्या कामाला. इंदू कठडा धरून एकेक पायरी खाली येई आणि आठल्यांच्या स्वयंपाकघरात बसे. वृंदाताईंना त्या घरात बोलायला दुसरं होतंच कोण? श्रीकांतराव वर्तमानपत्राच्या आडून हुंकार देत. मुलगी सुचित्रा कलकत्त्याला आली तेव्हा सात वर्षांची होती. आता ती बंगालीत भांडे, बंगालीत रुसे आणि झोपेतही बंगालीत बडबडे. मराठीत काही विचारलं तर तिचं उत्तर बंगालीत येई आणि तेही अर्धं. मग वृंदाताई इंदूशी बोलू लागल्या. ती दीड वर्षाची होती तेव्हा भिंतीशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून, आणि साडेचार वर्षांची झाली तेव्हा ती उत्तरं देत होती म्हणून. आमटीला कढीपत्ता कमी पडला तर 'आज वास नाही आला गं काकू' म्हणणारं त्या अख्ख्या शहरात हे एकच माणूस होतं.

पाद्रीबाबांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. पुढच्या रविवारी चर्चच्या सभागृहात निरोप समारंभ होता. तिथे इंग्रिडने बंगालीत चार वाक्यं बोलावीत, अशी मंडळींची इच्छा होती. 'तुम्ही तिला किती सुंदर बंगाली शिकवलंत,' ते भारावून म्हणाले. 'मी पुस्तकातून शिकलो. खरं सांगायचं तर ती बोलते त्यातलं मला काहीच कळत नाही. घरगुती बोली वेगळीच असते.'

खुलासा करायची हीच वेळ होती. वृंदाताईंनी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवायला घेतलं. क्रियापद सापडेपर्यंत पाद्रीबाबा तीनदा आभार मानून वर गेले होते.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. श्रीकांतरावांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे ती पोरगी बंगाली बोलते अशी त्यांची समजूत आहे?"

"हो."

"मग तू काय सांगितलंस?"

"येस म्हटलं."

आत्ताच्या आत्ता वर जाऊन सगळं सांगून टाकू, असं श्रीकांतरावांचं म्हणणं पडलं. वृंदाताईंनी त्यांना बसवलं. लेकरू विश्वासाने आपल्यावर सोपवलं आणि आपण परस्पर त्याची जीभच बदलून टाकली, असं त्या लोकांना वाटेल, ही त्यांना धास्ती होती. शेवटी असं ठरलं, की सुचित्राने इंदूकडून चार बंगाली वाक्यं घोकून घ्यायची. प्रश्न चार वाक्यांचाच तर होता.

सुचित्राने शिकवणी झोकात सुरू केली. 'नमोश्कार' पहिल्याच दिवशी पाठ झालं. अडचण अशी होती, की इंदू प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारी आणि तो पटल्याखेरीज पुढे सरकत नसे. 'आमरा चोले जाच्छी' या वाक्यापाशी गाडी अडली.

"म्हणजे काय?" इंदूने विचारलं.

"म्हणजे आम्ही चाललो," सुचित्रा म्हणाली.

"कुठे?"

"नॉर्वेला."

"मग परत कधी यायचं?"

सुचित्राने आईकडे पाहिलं. वृंदाताई पोळी लाटत होत्या. ती पोळी इतकी पातळ झाली, की पोळपाटावरून उचलताना फाटली. इंदू खाली मान घालून पुन्हा 'आमरा चोले जाच्छी' घोकू लागली. शनिवारपर्यंत तिची चारही वाक्यं तोंडपाठ झाली. ती फार शहाण्यासारखी वागत होती आणि त्यामुळेच वृंदाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी सभागृह भरून गेलं. रंगीत कागदाच्या पताका होत्या आणि मागे टेबलावर संदेश या बंगाली मिठाईच्या बश्या मांडल्या होत्या. आठले दांपत्य दुसऱ्या रांगेत बसलं. पाद्रीबाबांनी अतिशय शुद्ध आणि लांबलचक बंगालीत भाषण केलं. ते इतकं शुद्ध होतं, की बंगाली मंडळीही अधूनमधून एकमेकांकडे अर्थासाठी पाहत होती. मग इंदूला खुर्चीवर उभं करण्यात आलं.

'नमोश्कार,' ती म्हणाली. लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. तेवढ्यात तिला दुसऱ्या रांगेतल्या वृंदाताई दिसल्या आणि पुढची तीन वाक्यं कुठल्या कुठे गेली. इंदूने एक मोठा श्वास घेतला.

"मला नाही जायचं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मी काकूकडेच राहणार आहे. तिकडे वरणभात नसतो. आई-बाबांना जायचं असेल तर त्यांनी खुशाल जावं."

 सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वृंदाताईंनी पदर तोंडाशी धरला. शेजारी श्रीकांतराव छताच्या पंख्याकडे एकटक बघत होते.

चर्चचे वयोवृद्ध विश्वासबाबू डोळे पुसत उठले. ते बंगालीत म्हणाले, की ही मुलगी आपल्या देशात जन्मली, आपल्यात वाढली, आणि तरी तिने स्वतःची मातृभाषा किती गोड जपली आहे. नॉर्वेजियन भाषेतला एक शब्दही आपल्याला समजला नाही, पण तिचं हृदय समजलं.

त्या क्षणापर्यंत सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होते ते खुद्द पाद्रीबाबा. त्यांचे हात हवेतच राहिले. मुलीच्या बोलण्यात नॉर्वेजियन काहीच नव्हतं, हे त्या सभागृहात त्यांना आणि त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. ते बंगाली नव्हतं, हे त्या दोघांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. ते काय होतं, हे दुसऱ्या रांगेत ठाऊक होतं आणि दुसरी रांग खाली मान घालून बसली होती.

प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं, पण विश्वासबाबूंनी पाद्रीबाबांना आग्रह केला, की मुलीच्या भाषणाचा बंगालीत अनुवाद करून सांगा. सगळं सभागृह कान टवकारून बसलं. पाद्रीबाबा उभे राहिले, घाम पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या व्यासपीठावरून साफ खोटं बोलले. इंग्रिड सर्वांची आभारी आहे, ते म्हणाले. आई-वडिलांबरोबर मायदेशी जायला मिळतंय म्हणून तिला फार आनंद होतो आहे. पुन्हा टाळ्या झाल्या. इंदू वडिलांच्या चेहऱ्याकडे समाधानाने बघत होती. आपलं म्हणणं सर्वांनी मान्य केलं, अशी तिची खातरी झाली होती.

आठले दांपत्य संदेश न खाता घरी परतलं.

संध्याकाळी दार वाजलं. दारात हळबेबाई एकट्याच उभ्या होत्या. उंच, सडसडीत, दवाखान्यात दिवसभर उभं राहून थकलेली ही बाई कधीच फारसं बोलत नसे. जिन्यात भेट झाली की दोघी एकमेकींना 'गुड मॉर्निंग' म्हणत आणि हसून बाजूला होत. वृंदाताईंनी दुपारभर माफीची तीन इंग्रजी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच बाई बोलल्या.

"काकू, ही कुठली भाषा आहे गं?"

वृंदाताईंना पहिल्यांदा वाटलं, की इंदूच मागे लपून बोलते आहे.

"मराठी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मराठी," बाईंनी तो शब्द जपून उच्चारला. "मी हीच बोलते. बाजारात. कोणालाच कळत नाही. मला वाटलं, माझी जीभ वाईट आहे."

मग सगळा उलगडा झाला. नवऱ्याची पुस्तकं बाईंना कधी झेपली नाहीत. इंदू वर जाऊन, वृंदाताई तिच्याशी बोलत अगदी तशीच, बाहुलीशी तासन्‌तास बोलत बसे. शेजारी बसून कपडे शिवता शिवता बाई कान देऊन ऐकत आणि तेच बंगाली समजून शिकत. त्या भाषेत त्यांनी मासेवालीशी घासाघीस केली होती. दवाखान्यातल्या रोग्यांना धीर दिला होता. सगळे नुसते बघत राहत, म्हणून शरमेने त्यांनी बाहेर बोलणंच सोडून दिलं. वृंदाताईंशी तर त्या मुद्दाम बोलल्या नाहीत, कारण इतकं सुरेख बोलणारी बाई आपल्याला हसेल असं त्यांना वाटे.

वृंदाताईंना हसू आवरेना. मराठी बोलायला माणूस मिळावं म्हणून त्या वर्षानुवर्षं झुरल्या होत्या आणि ते माणूस डोक्यावरच्या मजल्यावर गप्प बसून होतं.

"मग इंदू आज काय म्हणाली, ते तुम्हाला..."

"कळलं. सगळं," हळबेबाई म्हणाल्या. त्यांनी चौकटीला टेकून डोळे मिटले. "मला पण नाही जायचं, काकू."

देशात राहायचे परवाने मिळेनासे झाले होते आणि मिशनने परत बोलावलं होतं. त्यावर कुणाचा इलाज नव्हता. वृंदाताईंनी चहा टाकला. गुरुवारी निघायचं होतं. तोपर्यंतच्या दिवसांत दोघी जमेल तेव्हा बोलत राहिल्या. समुद्राकाठच्या एका गावाबद्दल आणि सांगलीच्या घाटाबद्दल, म्हाताऱ्या आयांबद्दल आणि परक्या बाजारांबद्दल. सुचित्रा शाळेतून आली की दाराशी थबके. आपली आई इतकी बोलते, हे तिला नवीन होतं. गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "आई, मला भूक लागलीय," आणि वृंदाताईंनी चमकून मागे पाहिलं.

टॅक्सी दारात आली. हावड्याहून गाडीने मुंबई आणि तिथून बोट. मुंबईच्या हमालांना तरी बाईंचं बोलणं कळेल, असं श्रीकांतराव म्हणाले. पाद्रीबाबांनी वृंदाताईंना उद्देशून शुद्ध बंगालीत दीर्घ निरोप घेतला. त्यातलं त्यांना एक अक्षरही कळलं नाही. इंदू मात्र खिडकीशी बसून बोटीला चाकं असतात का, बोटीवर मांजर असतं का, हे विचारण्यात दंग होती. जायचं नाही, हे ती पार विसरून गेली होती.

टॅक्सीचं इंजिन सुरू झालं आणि वृंदाताईंचा धीर सुटला. त्या भर रस्त्यात लहान पोरीसारख्या रडू लागल्या. हळबेबाईंचे स्वतःचे डोळे वाहत होते. त्यांनी टॅक्सीच्या खिडकीतून हात बाहेर काढला, वृंदाताईंची हनुवटी धरली आणि बाहुलीकडून शिकलेल्या मराठीत, त्याच सुरात, त्याच अधिकाराने म्हणाल्या,

"पुरे झालं हं. मोठ्या मुली रडतात का अशा? चल, नाक पूस बघू. शहाणी ना तू?"

वृंदाताईंनी मुकाट्याने पदराने नाक पुसलं.