आदराचा डावा पाय

महागाव तालुक्यातल्या देवराव विद्यालयात यंदापासून नियम झाला, की स्नेहसंमेलनात कोणताही नाच बसवायचा तर आधी त्याचं मूळ सांगायचं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात; त्यात नाचाचा उल्लेख नाही, हे मुख्याध्यापक शंकरसिंग सरांच्या बरोबर लक्षात आलं होतं. संस्थेचे अध्यक्ष देवरावभाऊ यांनी शाळेला हयातीतच आपलं नाव देऊन ठेवलं होतं, मागाहून कोणाची धावपळ नको म्हणून.

नियमात पहिली सापडली उर्वशी मॅडम. नाच शिकवायला ती तासांवर होती. दर जूनला तिची नव्याने नेमणूक व्हायची आणि दर उन्हाळ्यात आई विचारायची, अजून तासावरच काय? यंदा संमेलन भाऊंच्या मनासारखं झालं तर तिला कायम करणार होते. तिने हौसेने लॅटिन नाच शिकून घेतले होते, नववीच्या पोरीही तयार होत्या. ती मूळ सांगायला ऑफिसात गेली.

साल्सा क्युबाचा, ती म्हणाली. आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांचे ढोल आणि स्पेनची गिटार तिथे एकत्र आली, आणि पुढे न्यूयॉर्कात त्याला हे नाव मिळालं. सरांनी गंभीरपणे सांगितलं की एका नाचाचे दोन पत्ते चालणार नाहीत. टँगो अर्जेंटिनात, बंदराकाठच्या गरीब वस्त्यांत वाढला. घरंदाज लोक नाकं मुरडायचे, पण पॅरिसने टाळ्या वाजवल्यावर तेच लोक शिकू लागले. मग आधी पॅरिसची परवानगी आणा, सर म्हणाले. बचाता डॉमिनिकन देशातल्या दारूच्या गुत्त्यांतून आला हे ऐकल्यावर तर त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

उरला मेरेंगे. तोही त्याच देशाचा. त्याच्या जन्माच्या दंतकथा बऱ्याच, त्यातली सगळ्यात सोज्वळ तिने निवडली. एक वीर लढाईत पायाला जखम होऊन गावी परतला. गावाने त्याच्यासाठी नाच ठेवला, आणि त्याला एकट्याला पाय ओढावा लागू नये म्हणून सगळं गावच एक पाय ओढत नाचलं.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. देवरावभाऊ डाव्या पायाने लंगडत. पंचायत समितीच्या विजयी मिरवणुकीत ते ट्रॉलीवरून गुलालासकट खाली आले होते, तेव्हापासून.

“मॅडम, भाऊचा पाय तुमाले दिसत नाई काय? तुम्ही पोरीईले लंगडनं शिकवून राह्यल्या, अन् मले घरी बसवून राह्यल्या.”

उर्वशीने मनातल्या मनात हिशेब केला. कायम होणं दूरच, हातचे तासही जाणार होते. पण भाऊ दारातच उभे होते. त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. तिने सांगितली, आणि ‘वीर’ हा शब्द गरजेपेक्षा जास्त वेळा घातला. भाऊ आपल्या गुडघ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

“तिकडे लोकाईले कदर आहे,” ते म्हणाले. “नाच बसवा. अन् पाय डावाच ओढा.”

पोरी डावा पाय ओढू लागल्या. पोरी आदर दाखवतात आणि शिक्षक ताठ चालतात हे बरं दिसेना, म्हणून शिक्षकही ओढू लागले. घाईत सरळ चाललेल्या खेमसिंग शिपायाला विचारण्यात आलं, की भाऊंवर काही नाराजी आहे काय. गणिताचे सर चुकून उजवा पाय ओढताना सापडले. भाऊंचे विरोधक भगवानराव यांचा उजवा गुडघा दुखतो, हे जगजाहीर होतं. गणिताचे सर त्याच आठवड्यात संस्थेच्या लांबच्या मुकुटबन शाखेत गेले. मग पालक ओढू लागले, सरपंच ओढू लागले, कापसाच्या गाड्या घेऊन आलेले लोकही बाजारात ओढू लागले, कारण कोणाचं कुठे काम अडेल सांगता येत नाही. पाय ओढला की कंबर आपोआप हलते. सगळं गाव मेरेंगे करत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. उर्वशीला इतका आनंद झाला, की ती घरी जाऊन एकटीच हसत बसली.

इकडे हे चाललं असताना भाऊंनी नागपूरला जाऊन गुडघा बदलून घेतला. सांगितलं कोणालाच नाही. संमेलनाच्या दिवशी गाडीतून उतरले ते ताडताड चालत मंडपात आले. शंकरसिंग सरांचा अर्धा ओढलेला पाय तिथेच थांबला. ओढावा तर आता ती टिंगल, न ओढावा तर कालपर्यंतचा आदर खोटा. ढोल थांबले. पोरी एका पायावर उर्वशीकडे बघू लागल्या. उर्वशीला आपली नेमणूक डोळ्यांदेखत जाताना दिसली.

मंडपात सरळ चालणारा माणूस एकच होता. लोक त्याच्याकडे नाराजीने बघत होते. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या मोतीबाईंना नीट दिसत नसे, त्यांनी शेजारणीला मोठ्याने विचारलं, “कोन होय व हा? आपल्या भाऊचा मान ठेवत नाई काय?”

भाऊ थबकले. त्यांनी सभोवार पाहिलं, घसा साफ केला, आणि नवाकोरा डावा पाय हळूच ओढत ते मंचाकडे निघाले. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. ढोल पुन्हा सुरू झाले.

उर्वशी मॅडम त्याच रात्री कायम झाली. वाट मोकळी बघून ती घराकडे सरळ चालायला गेली, तर डावा पाय आपला मागेच राहिला.

हसलात, बरं झालं. आता उठाल तेव्हा तुमच्या साहेबांचा कोणता पाय दुखतो ते आठवत बसू नका. तुमच्या पायाला ते पाठ असतं.