मोडेपर्यंत नाताळ

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती आनंदामुळे नव्हे, तर आनंदाच्या पूर्वतयारीमुळे झालेली आहे, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. (सर्व म्हणजे तिघे. समितीचे चौथे सभासद त्या दिवशी दाढ काढून घ्यायला गेले होते.) हे वाक्य वस्तू टिकाऊपणा तपासणी केंद्राच्या नाताळ समितीच्या पहिल्या इतिवृत्तात पहिल्याच ओळीत आहे. ते केंद्राच्या उपप्रमुखांनी स्वतः सुचवलं, स्वतः अनुमोदलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

या उपप्रमुखांना सगळे टिकाऊसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब.

केंद्राचं काम असं, की बाजारात येणारी खुर्ची, छत्री, पिशवी, बिजागरी, जे काही येईल ते इथे आणायचं आणि मोडायचं. उगाच नव्हे, मोजून. खुर्चीसाठी एक यंत्र होतं. ऐंशी किलोचं चामडी गाठोडं, ते खुर्चीवर पन्नास हजार वेळा बसायचं. त्याला कर्मचारी ‘मामा’ म्हणत. (खऱ्या मामांपेक्षा फरक एवढाच, की हा बसल्यावर उठायचा.) टिकाऊसाहेबांचं साधं तत्त्व होतं: जी वस्तू मोडेपर्यंत तपासली नाही, ती तपासलीच नाही. सव्वीस वर्षं त्यांनी ते पाळलं, आणि त्या सव्वीस वर्षांत एकाही वस्तूने केंद्राबाहेर जाऊन त्यांना खोटं पाडलं नाही. कारण कुठलीच वस्तू बाहेर गेली नाही.

अशा संस्थेत नाताळची पार्टी दरवर्षी होत असे. ती कशी होत असे याबद्दल आकडे बोलके आहेत. सरासरी उपस्थिती: एकतीस. सरासरी मुक्काम: चौदा मिनिटं. त्यातली चार मिनिटं कोट काढण्यात, तीन परत घालण्यात, आणि उरलेली सात मोठ्या साहेबांच्या भाषणात. हातात कागदी बशी आणि पाठ भिंतीला, अशी माणसं उभी असत. एकदा एका पाहुण्याने रांग समजून मागे नंबर लावला होता.

नऊ वर्षांपूर्वी टिकाऊसाहेबांनी त्या पार्टीला बायकोला नेलं होतं. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. कोरडे प्रदेश त्यांना पाठ होते, तरीही त्या हादरल्या. जिना उतरताना त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी जरा आधी सांगा. म्हणजे मला आजारी पडायला वेळ मिळेल.”

त्यानंतरचे आठ नाताळ त्यांनी बहिणीकडे काढले. टिकाऊसाहेब घरी येत, स्वतःचं जेवण स्वतः गरम करत, आणि कढईचं हँडल जरा जास्तच वाकवून बघत.

या वर्षी सप्टेंबरात बाईच म्हणाल्या, “ताईचा फोन होता. यंदा येतेस का, नक्की सांग म्हणाली. मी म्हटलं, बघते.”

“बघते म्हणजे?”

“म्हणजे तुमच्याकडे येऊन बघते. एकदा. पण पुन्हा तसंच असलं ना, तर यापुढे नाताळ मी ताईकडे आणि तुम्ही तुमच्या खुर्च्यांकडे. दरवर्षी विचारायचं नाही, मनाला लावून घ्यायचं नाही.”

“या वेळी तसं होणार नाही.”

“कशावरून?”

माणूस अशा वेळी प्रेमाने काहीतरी बोलून जातो. टिकाऊसाहेब म्हणाले, “तपासून घेतो.”

दुसऱ्याच दिवशी समिती नेमली गेली आणि पार्टी रंगतदार करण्यासाठी कर्मचाऱ्यांकडून नावीन्यपूर्ण कल्पना मागवण्यात आल्या. एकूण चौसष्ट सूचना आल्या. त्यातल्या एकेचाळीस ‘सुट्टी द्यावी’ अशा होत्या. पंधरा सूचना एकाच अक्षरात, एकाच पेनने, ‘मोठ्या साहेबांचं भाषण नको’ एवढ्याच मजकुराच्या होत्या. (चौकशी झाली. अक्षर मोठ्या साहेबांच्या पत्नीचं निघालं. चौकशी थांबवण्यात आली.) उरलेल्या आठ मात्र खरोखर सुरेख होत्या: संगीतखुर्ची, रंगीत फुगे, दिव्यांच्या माळा, खरंखुरं झाड, एकमेकांना गुप्त भेट, तीनमजली केक, गाणी, आणि दारात हसून स्वागत करणारा नाताळबाबा. त्या वाचून टिकाऊसाहेबांचे डोळे भरून आले. एका साध्या कागदावर एवढा आनंद, आणि त्यातला एकही तपासलेला नाही.

तपासणी ऑक्टोबरात सुरू झाली.

संगीतखुर्चीसाठी तीस खुर्च्या आणल्या होत्या. पहिलीवर मामा बसला. ती अडतीस हजार चारशे बाराव्या वेळी मोडली. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, पार्टीत एवढ्या वेळा कोण बसतंय?”

“आनंदाच्या भरात माणूस काय करेल सांगता येत नाही,” टिकाऊसाहेब म्हणाले.

मेकॅनिकने आनंदाच्या भरातला माणूस केंद्रात पाहिलेला नव्हता. दुसरी खुर्ची एक्केचाळीस हजारांना गेली, तिसरी त्याच्या अलीकडे. पहिल्या एकोणतीस खुर्च्या गेल्यावर तिसावी मात्र पन्नास हजारांना पुरून उरली. टाळ्या पडल्या. तिला प्रमाणपत्र देण्यात आलं. मग ती आणखी किती टिकेल याची उत्सुकता कुणालाच आवरेना. ती त्रेसष्ट हजारांना मोडली, आणि काही लोक हळहळले.

फुगे एकशेवीस होते. प्रत्येक फुगा फुटेपर्यंत फुगवून त्याचा घेर नोंदवण्यात आला. दिव्यांच्या बारा माळा विझेपर्यंत लावून ठेवल्या. झाड हलवण्याच्या यंत्रावर उभं केलं. चौथ्या दिवशी त्याची शेवटची सुई गळाली. शेरा असा पडला: ‘झाडाबद्दल आता कोणतीही शंका उरलेली नाही.’ (झाडही उरलेलं नव्हतं, पण तो शेऱ्याचा विषय नव्हे.)

गुप्त भेटींचा प्रश्न नाजूक होता. वस्तू टिकते का, हे एकतीस खोकी छातीच्या उंचीवरून सहाही बाजूंवर पाडून ठरवता आलं. पण भेटीतलं खरं काम वस्तू करत नाही, आश्चर्य करतं. सबब प्रत्येकाला आपापलं खोकं समितीसमोर उघडायला लावून त्याच्या भुवया किती वर जातात ते पट्टीने मोजलं. मग खोकं पुन्हा बांधून पुन्हा उघडायला लावलं. चौथ्या वेळी एकही भुवई जागची हलली नाही. निष्कर्ष: आश्चर्य हा माल एकदाच वापरता येतो, उत्पादकाने यात लक्ष घालावं.

केकच्या वेळी मात्र थोडी बोलाचाली झाली. बेकरीवाल्या मावशी तीनमजली केक घेऊन स्वतः आल्या.

“एक तुकडा खाऊन बघा ना साहेब. कळेल.”

“तुकडा चांगला आहे. पण एका तुकड्यावरून बाकीच्याबद्दल काय सांगणार? बाकीचा केक तसाच असेल कशावरून?”

“मी केलाय म्हणून.”

“हे तोंडी झालं, मावशी.”

समितीने मग बाकीचाही तपासला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. संपूर्ण केक चांगला असल्याचं निर्विवाद सिद्ध झालं, तेव्हा बशीत नुसता चमचा होता. मावशींनी दुसरा पाठवला, तोही सिद्ध झाला. तिसरा घेऊन त्या आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या, समिती सिद्ध करत असताना शांतपणे बघत राहिल्या, आणि जाताना म्हणाल्या, “चौथा मागू नका हं. आता मी तुम्हाला पावही देणार नाही.”

केंद्रातल्या गायकवृंदाने ठरलेली चारही गाणी आवाज बसेपर्यंत म्हटली. नाताळबाबा झालेल्या वॉचमनचं हास्य सतराव्या मिनिटाला खोकल्यात गेलं आणि पुन्हा परत आलं नाही. मेकॅनिकला एक विनोद येत असे. तो एकतीस जणांच्या गटासमोर रोज एकदा सांगण्यात आला. पहिल्या दिवशी हशा, पाचव्या दिवशी स्मित, अकराव्या दिवशी मेकॅनिकने बदलीचा अर्ज केला.

घरी बाई मधूनमधून विचारत.

“कसं चाललंय तुमचं?”

“छान. काल शेवटची खुर्ची मोडली.”

बाईंनी वह्या तपासता तपासता मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुढची वही घेतली. ताईला अजून नक्की काही कळवलेलं नव्हतं. ते टिकाऊसाहेबांना माहीत होतं. फोनकडे बघूनच ते घरात शिरत आणि फोनकडे बघूनच बाहेर पडत.

पार्टीच्या दिवशी दुपारी भांडारपाल बाई दारात आल्या. त्या बावीस वर्षं भांडार सांभाळत होत्या आणि वाईट बातमी देताना चष्मा पुसत.

“साहेब, पार्टीचं सामान लावायला घेतलं.” त्यांनी चष्मा पुसला. “यादी आहे.”

“मग?”

“माल नाही.”

“कुठला?”

“कुठलाच. प्रमाणपत्रं आहेत. दोनशे तीन. त्यातली एकशेवीस फुग्यांची.”

टिकाऊसाहेब खाली बसायला गेले आणि उभेच राहिले, कारण त्यांची स्वतःची खुर्चीही नोव्हेंबरात तुलनेसाठी नेलेली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं, की एखादी वस्तू टिकली की नाही हे कळण्यासाठी ती कुठेतरी शिल्लक असावी लागते. पण ही जाणीव फार वेळ राहिली नाही. पाच वाजता घरून बाई येणार होत्या.

“लावा,” ते म्हणाले.

“काय लावू?”

“जे आहे ते.”

पाच वाजता बाई आल्या. ठेवणीतला निळा कोट घालून आल्या होत्या, हे टिकाऊसाहेबांनी पाहिलं. दारात वॉचमनने लाल डगल्यात तोंड उघडलं, आवाज निघाला नाही, तेव्हा त्याने पोट हलवून स्वागत केलं. आत रिकामं दालन. टेबलावर पाण्याचे जग. खुर्ची एकही नाही, त्यामुळे एकतीस माणसं आपापल्या कोटांवर जमिनीवर बसलेली. उभं राहिलं की पळून जायचं सुचतं. बसलेल्या माणसाला आधी उठावं लागतं, आणि सगळ्यांत आधी कोण उठणार, म्हणून कुणीच उठेना. चारही भिंतींवर प्रमाणपत्रं चिकटवलेली.

मोठे साहेब भाषणाला उठू लागले. त्यांच्या पत्नीने कोटाचं टोक धरलं. ते बसले.

बाई भिंतीजवळ गेल्या. भूगोलाच्या बाई त्या. भिंतीवर काही लावलेलं दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

“फुगा क्रमांक सत्तेचाळीस,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “घेर एक्क्याण्णव सेंटीमीटर. फुटण्यापूर्वीचं वर्तन: समाधानकारक.”

कुणीतरी खुदकन हसलं.

“झाड. चाचणीस उपस्थित: चौघे आणि झाड. चाचणीनंतर उपस्थित: चौघे.” त्या पुढे सरकल्या. “भुवया, भांडार विभाग. पहिल्यांदा उघडताना: नऊ मिलिमीटर. चौथ्यांदा: वस्तू तीच आहे, असं स्पष्ट सांगितलं.” त्यांनी वळून पाहिलं. “हे कोण?”

“मी,” भांडारपाल बाई म्हणाल्या. “पायमोजे होते हो. चार वेळा पायमोजेच निघाले.”

बाई हसू लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. मग मेकॅनिकने तिसाव्या खुर्चीची हकीकत सांगितली, कशी ती त्रेसष्ट हजारांपर्यंत झुंजली आणि कुणी कुणी रजा टाकून तिला बघायला आलं. गायकवृंद कुजबुजत्या आवाजात एक गाणं म्हणून गेला. ते कुणाला ऐकू आलं नाही, म्हणून सगळ्यांनी त्यांना ते आणखी एकदा म्हणायला लावलं. बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, तो केक तिसऱ्यांदासुद्धा पूर्ण खाल्लात?”

“मधला मजला शंकास्पद होता,” टिकाऊसाहेब म्हणाले.

त्या वर्षीचा सरासरी मुक्काम दोन तास छत्तीस मिनिटं भरला.

यशस्वी गोष्टीचं कारण शोधून काढलंच पाहिजे, नाहीतर ती पुन्हा होण्याचा धोका असतो. टिकाऊसाहेबांनी दोन आठवडे खपून अहवाल लिहिला. पार्टीत काहीही नव्हतं आणि पार्टी झाली, या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवल्या, जेणेकरून त्यांची गाठ पडू नये. निष्कर्ष असा, की आनंदाचं संपूर्ण श्रेय काटेकोर पूर्वतपासणीला जातं. तरी सर्व कार्यालयांनी यापुढे आपला नाताळ याच पद्धतीने, मोडेपर्यंत, तपासून घ्यावा. परिपत्रक निघालं. ते तुमच्याही टेबलावर आलं होतं. तुम्ही त्यावर ‘पाहिले’ असं लिहून सही केलीत आणि शेजारच्या टेबलावर सरकवलंत. तेव्हा ऑक्टोबरात मामा तुमच्या खुर्चीवर बसायला आला, तर आम्हाला कुणी सांगितलं नाही, असं म्हणू नका. तुमची सही आहे.

परिपत्रक छापायला जाण्यापूर्वी टिकाऊसाहेबांनी मसुदा बाईंना वाचायला दिला होता. बाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. “नाही गं ताई, पुढच्या वर्षीही नाही जमणार,” त्या म्हणत होत्या, “वाटल्यास तूच ये इकडे.” बोलता बोलता त्यांनी एकेचाळीस पानं चाळली, एका शब्दालाही हात लावला नाही, आणि शेवटच्या पानावर टिकाऊसाहेबांच्या सहीखाली एक ओळ लिहून मसुदा परत केला. ती तशीच छापली गेली:

‘येताना प्रत्येकाने बसायला एकेक उशी आणावी. जमीन फार गार असते.’