पास सेक्शनमार्गे युरोप

माझी चूक एवढीच, की मी ते चहाच्या वेळी बोलले.

"माझ्याकडे दोन लाख चौदा हजार माइल्स आहेत. त्यातले बहुतेक एकतीस मार्चला संपतील. त्याआधी तिकिटं काढली तर आपण तिघं मे महिन्यात युरोपला जाऊ शकतो." हे आईला स्वयंपाकघरात एकटीला गाठून हळूच सांगायला हवं होतं. पण संध्याकाळच्या चहाला आमच्याकडे भय्यासाहेब असतात. भय्यासाहेब म्हणजे माझे मोठे काका. गन कॅरेज फॅक्टरीतून रिटायर होऊन त्यांना अकरा वर्षं झाली. राहतात दोन गल्ल्या सोडून, चहा मात्र आमचा.

"माइल्स म्हणजे?" त्यांनी बशी खाली ठेवली.

"विमानानं जितकं फिराल तितके पॉइंट जमतात. ते साठवून पुढचं तिकीट मिळतं."

"अच्छा. मग मी रोज सकाळी भंवरतालच्या बागेत पाच किलोमीटर चालतो, ते त्यात जोडता येत नाही का?"

मी हसले. ते हसत नव्हते.

हे माइल्स मी कसे जमवले ते माझं मला माहीत. दिल्लीच्या एका कंपनीसाठी दोन वर्षं मी दर सोमवारी पहाटे विमानात बसून कुठल्या तरी गोदामात ऑडिटला जात होते आणि शुक्रवारी परतत होते. विमानतळावरच्या उपम्याच्या चवीवरून मी आता शहर ओळखते. (गुण म्हणून हे बायोडेटात लिहिता येत नाही.) शेवटी कंटाळून घरून करायची नोकरी धरली आणि जबलपूरला परत आले. हातात उरलं काय, तर पाठदुखी आणि माइल्स.

आणि ते मला आईसाठी वापरायचे होते. माझी आई, हेमलता, अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवते आहे. दर वर्षी ऑगस्टमध्ये ती फळ्यावर निळ्या खडूनं दोन नद्या काढते, एक नर्मदा आणि एक ऱ्हाईन. दोन्ही खचदरीतून वाहतात. शाळेत ती हिंदीत 'भ्रंश घाटी' म्हणते, घरी मराठीत 'खचदरी', पण डोळ्यांतली चमक दोन्ही भाषांत सारखी. नर्मदा तिनं हजारदा पाहिली आहे, ग्वारीघाट घरापासून वीस मिनिटांवर. ऱ्हाईन मात्र फक्त खडूची. ती एकदा खरी दाखवायची, एवढाच माझा हट्ट होता.

आणि माझ्या हट्टाच्या मध्ये बाबा उभे होते.

बाबा, म्हणजे श्रीरंग, चौतीस वर्षं रेल्वेच्या पास सेक्शनमध्ये होते. कर्मचाऱ्यांना फुकट प्रवासाचे पास काढून द्यायचे, हेच त्यांचं काम. पृथ्वीतलावरचा कुठलाही फुकट प्रवास हा त्यांच्या मते मुळात रेल्वेचा पासच असतो, फक्त फॉर्मचा रंग वेगळा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक फाइल उघडली. वर लाल पेनानं लिहिलं, 'युरोप, फॅमिली, सुखदा'.

"या तुझ्या पासवर ब्रेक जर्नी किती?"

"बाबा, पास नाही तो."

"बरं, नाही. ब्रेक जर्नी किती? अबूधाबीला दोन दिवस उतरता येईल?"

"अबूधाबीला काय आहे?"

"काही नसू दे. हक्क आहे तर काहून सोडायचा? आणि डिपेंडंटच्या कॉलममध्ये भय्यासाहेबांचं नाव लिही."

"असा कॉलमच नाहीये! आणि माइल्स तिघांपुरतेच आहेत."

"कॉलम नसला तर मार्जिनमध्ये लिहितात. साहेब सही करतो."

विमान कंपनीत साहेब नसतो, कॉम्प्युटर असतो, हे मी तीन वेळा सांगितलं. बाबांनी तिन्ही वेळा मान डोलावली. त्या मानेचा अर्थ 'असतो, तुला भेटला नाही' असा होता.

अखेर एकोणतीस मार्चला मी कोणालाही न विचारता तिकिटं काढली. जबलपूर ते दिल्ली, दिल्ली ते फ्रँकफर्ट, चौदा मे, आई, बाबा आणि मी. माइल्सवर मिळणाऱ्या जागा संपूर्ण महिन्यात त्या एकाच दिवशी होत्या. आईनं तिकिटाचा कागद हातात घेतला, चष्मा लावला, 'फ्रँकफर्ट' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथून ऱ्हाईन जवळच आहे." बस, इतकंच. मग ती पोळ्या लाटायला गेली. पण त्या दिवशी पोळ्या अकरा झाल्या. आम्ही खातो आठ.

त्याच आनंदात मी घरच्यांना डिजिटल सुरक्षेवर एक छोटं भाषणही दिलं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. बँकवाला मागो, पोलीस मागो, भय्यासाहेब मागोत. बाबांनी ते फाइलमध्ये लिहून घेतलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कानात हेडफोन, समोर साहेब, पडद्यावर माझ्याच चुकांचा तक्ता. बाबांनी दार ढकललं.

"सुखदा, तुझ्या मोबाइलवर नंबर आला असेल. बघ तर."

मी फोन पाहिला, साहेबांकडे पाहून 'येस सर' म्हटलं आणि हेडफोनचा माइक हातानं दाबून सहाच्या सहा आकडे बाबांना वाचून दाखवले. दुसऱ्यांदा, सावकाश. (पहिल्यांदा त्यांनी चार आणि सात उलटे ऐकले होते. देव मला तिथंही एक संधी देत होता.)

मीटिंग संपली तेव्हा ईमेल आलेलं होतं. 'आपल्या विनंतीनुसार तिन्ही तिकिटं रद्द करण्यात आली आहेत.'

मी बाहेर आले. बाबा आणि भय्यासाहेब समोरासमोर बसून चहा घेत होते, आणि दोघांच्या चेहऱ्यावर प्रमोशन मिळाल्याचं तेज होतं.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"काहून ओरडून राहिली? बस आधी. भय्यासाहेबांची सोय करून टाकली."

मग त्यांनी योजना उलगडली. आपल्याला दिल्लीपर्यंत विमान लागतंच कशाला? रेल्वेचा फर्स्ट क्लासचा पास आहे, तो डिसेंबरात वाया जाणार. आपण तिघं आगगाडीनं दिल्लीला जाऊ. जबलपूर ते दिल्ली हा तुकडा काढून टाकला की तिघांचे माइल्स वाचतील, आणि वाचलेल्या माइल्समध्ये भय्यासाहेब बसतील.

"बोर्डिंग पॉइंट बदलला, बाकी काही नाही. आयुष्यभर बदलून देत आलो लोकांना."

"मी साक्षीला होतो," भय्यासाहेब म्हणाले. "मुलगी फार गोड बोलत होती."

"काय बोलली ती?"

बाबांनी संवाद जसाच्या तसा ऐकवला, दोन्ही आवाजांत.

"मी म्हटलं, 'बेटा, बोर्डिंग जबलपुर की जगह दिल्ली कर दीजिए.' ती म्हणाली, 'सर, इसके लिए टिकट कैंसल करके नया लेना होगा.' मी म्हटलं, 'बिलकुल! हमारे यहाँ भी पुराना पास सरेंडर करके ही नया निकलता है.' तर ती म्हणे, 'सर, जिन माइल्स की तारीख निकल चुकी है, वो वापस नहीं मिलेंगे.'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, 'नियम तो नियम है.' अगं, ती ओळ तर प्रत्येक फॉर्मच्या खाली असते. मी स्वतः छापून घेत होतो. कोणी पाळते का?"

मी पुढची चाळीस मिनिटं फोनवर सतार ऐकली. त्यानंतर खरोखरच फार गोड आवाजाची मुलगी आली. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं, वडील, पास सेक्शन, खचदरी. ती शांतपणे म्हणाली, "मैम, आपकी सहमति ओटीपी से ली गई थी."

फ्रँकफर्टच्या जागा कुणीतरी एव्हाना पटकावल्या होत्या. माइल्सपैकी दोन लाख पाच हजार हवेत विरले. उरले नऊ हजार, तारीख न उलटलेले. नऊ हजारांत विमान मला जेमतेम शेजारच्या कटंगी गावापर्यंत नेईल, तेही थांबत असेल तर.

आई शाळेतून आली. मी सांगितलं. तिनं पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायली आणि विचारलं, "जेवायला काय करायचं?"

त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाबांना संध्याकाळपर्यंत उमजलं. त्यांनी फाइल बंद केली आणि भय्यासाहेबांना दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हा मी त्यांना म्हणताना ऐकलं, "तुम्ही मला शिकवलंत, फॅक्टरीचा ओव्हरटाइम करून. एकदा तरी तुम्हाला नेऊ म्हटलं." भय्यासाहेब म्हणाले, "चलो, श्रीरंग, उद्या चहाला येतो." मला बाबांवर चिडायचं होतं, आणि त्या माणसानं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

पुढचे दोन दिवस मी तिच्या मागं मागं फिरले. "आई, मी पुन्हा माइल्स जमवीन. पुन्हा ती नोकरी धरीन. दोन वर्षं. फार तर तीन." तिसऱ्या दिवशी ती भाजी चिरताना म्हणाली, "सुखदा, नको गं. मी नाव दिलं."

"कसलं नाव?"

"आमच्या प्रणोती मॅडम नाहीत का, गणिताच्या? त्यांचा बायकांचा ग्रुप जूनमध्ये निघतोय नागपूरहून. एक बाई गळाली होती, मी विचारलं. ऱ्हाईनवर चक्क बोटीत बसवतात."

"पण पैसे?"

"माझे आहेत ना. अठ्ठावीस वर्षं काय फुकट खडू झिजवला?"

बाबा दारात उभे होते. "मला न विचारता?"

"तुमच्या पासवर नाही हो चालले मी," आई म्हणाली आणि दुधी चिरत राहिली.

मला आनंद झाला. खरंच झाला. फक्त त्या आनंदात माझी जागा कुठं आहे ते सापडेना. "मी पण येऊ?" मी विचारलं.

"जागा एकच होती, बेटा. आणि बाबांच्या जेवणाचं कोण बघेल? भय्यासाहेबांचा चहा पण असतो." मग तिनं आवाज जरा मऊ केला. "तुझे ते उरलेले माइल्स आहेत ना, त्यात काही मिळत असेल तर बघ."

पाहिलं. विमान कंपनीच्या यादीत नऊ हजारांत एकच कामाची वस्तू होती, चार चाकांची निळी मोठी बॅग. मागवली. आईनं त्यात सहा साड्या, दोन स्वेटर, मेथीचे ठेपले आणि शाळेचा ॲटलस भरला. स्टेशनवर मी तिला निरोप दिला आणि बॅगेलाही. दोन वर्षांचे माझे सोमवार चार चाकांवर गडगडत युरोपला निघाले होते.

नऊ दिवसांनी दुपारी मी भय्यासाहेबांसाठी आलं किसत असताना फोटो आला. मागं रुंद, करडी-हिरवी नदी, दोन्हीकडं चढत गेलेले उतार आणि पुढं आई, विद्यार्थ्यांना उत्तर बरोबर आल्यावर हसते तशी हसत. माझे डोळे भरून आले. मी खालचा मजकूर वाचला.

'खचदरी अगदी पुस्तकात आहे तशीच. तुझ्या बॅगेचं चाक मात्र नागपूरलाच निघालं, ती प्रणोती मॅडमच्या बहिणीकडं ठेवून आले.'