शुभ बोला, तपासणी आहे

चिनी नववर्षाचा चौथा दिवस. कचेऱ्या आजच उघडल्या आणि घरकुल खात्याच्या त्सेबाई पहिल्याच दिवशी मोककाकांच्या दारात हजर झाल्या. सहा जिने चढून बिचारीला बोलवेना.

हाँगकाँगच्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि काकांची फुप्फुसं कामातून गेलेली. पाच महिने ते खाली उतरले नव्हते. कोपऱ्यावरच्या चहाघरासाठी, तिथल्या दोस्तांसाठी त्यांचा जीव तुटत होता. आज बाईंनी ‘आजारी’ असं लिहिलं, तरच लिफ्टवाली सरकारी खोली मिळणार होती.

पण नव्या वर्षाचे पहिले पंधरा दिवस आजारपणाचं नाव काढलं, तर ते वर्षभर मानगुटीवर बसतं, असं काकूंचं ठाम मत. त्यांनी गोळ्या तांदळाच्या डब्यात दडवल्या होत्या. बाईंची चाहूल लागताच काकांच्या नाकातली नळी काढून प्राणवायूच्या यंत्रावर लाल कापड टाकलं होतं.

“धाप लागते का, काका?”

काकांनी तोंड उघडलं. काकूंनी मांडीला चिमटा काढला.

“छे! वाघासारखे आहेत.”

“जिने चढता येतात?”

“पळत!”

“औषधं कोणती चालू आहेत?”

“शुभ बोला हो बाई! संत्रं घ्या.”

“त्या कापडाखाली काय घरघरतंय?”

“धनदेवता येतायत.”

काकांनी मनातल्या मनात चहाघराला रामराम ठोकला. त्सेबाईंनी पेनाला टोपण लावलं, थोडा विचार केला आणि पुन्हा काढलं. त्यांची आईही अशीच होती.

“बरं काकू, गेल्या वर्षी कशी होती तब्येत?”

“गेल्या वर्षी?” काकूंना कंठ फुटला. “अहो, गेल्या वर्षी काय विचारता! दोनदा इस्पितळात. एकदा तिसऱ्या मजल्यावर निळे पडले, मी पायरीवर बसून रडले. चप्पल घालतानासुद्धा धाप! अगदी वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत!”

त्सेबाई भराभर लिहीत होत्या. काका मात्र बायकोकडे बघत राहिले. ती रडली होती हे त्यांना आजच कळलं.

“आणि सध्या? हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, काकू.”

काकू अडखळल्या. काकांचे ओठ निळसर दिसत होते. काकूंनी झटकन कापड ओढलं, नळी नवऱ्याच्या नाकाला लावली आणि म्हणाल्या, “यंदा हे लिफ्टनं घरी येणार. लिहा तसं.”

बाईंनी लिहिलं.

“अशुभ काही नाही ना लिहिलंत?”

“नाही काकू. लिफ्ट लागणार, एवढंच लिहिलंय.”