टिटवीची एनओसी

एका घरातून निघणे आणि दुसऱ्या घरात पोहोचणे या दोन घटना एकाच दिवशी घडतात, अशी जी समजूत समाजात पसरली आहे तिला कोणताही शास्त्रीय आधार नाही. मधल्या काळात माणूस नेमका कुठे असतो, याचं उत्तर विज्ञानाला अजून सापडलेलं नाही. सुनेत्रा धारपला सापडलं आहे. तो शारजात, चौथ्या मजल्यावर, खोक्यांच्या मधोमध असतो आणि बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की श्वास रोखून धरतो.

आधी मूळ प्रश्न समजून घेऊ. सुनेत्राने सतरा वर्षं ज्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या, त्याला खिडकी नाही. एक्झॉस्टचा पंखा आहे. तो एका काळोख्या डक्टमध्ये उघडतो, आणि त्यातून खालच्यांच्या तळलेल्या मासळीचा वास वर येतो (वरच्यांची तक्रार धारपांच्या फोडणीबद्दल आहे). तिचे यजमान गुणवंत दुबईतल्या अल क्वोजमध्ये एसीचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत हिशेब बघतात. दुसऱ्यांच्या घरात गार हवा पोहोचवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. शेवटी एकदाचा दुबईत विकत घेण्याजोगा फ्लॅट सापडला. बिल्डिंग जुनी, बेडरूम दोन, आणि स्वयंपाकघराला खिडकी. सुनेत्राने बाकीचं घर पाहिलंच नाही. गुणवंतांनी किंमत दिरहममध्ये ऐकून "ठीक आहे" म्हटलं, मग मोठ्याने तिचे रुपये केले आणि गाडीत बसून गटागटा पाणी प्यायले.

खरेदीची साखळी म्हणजे काय, हे शाळेत अन्नसाखळी शिकलेल्या कोणालाही लगेच कळेल. फरक एवढाच की अन्नसाखळीत कोणीतरी कोणालातरी खातं आणि विषय संपतो. इथे सगळे फक्त तोंड उघडून बसतात. धारपांना हवा असलेला फ्लॅट रेहानचा. रेहान जाणार अलिशाच्या घरात. अलिशा जाणार वाळवंटाच्या कडेला वसलेल्या नव्या वसाहतीतल्या व्हिलामध्ये. व्हिला अगदी तयार होता. नळ, दिवे, फाटक, फाटकावरची पितळी घंटा, सगळं. फक्त समोरचं तळं तयार नव्हतं. जाहिरातीत तळं होतं, तळ्यात चंद्र होता, काठावर एक आनंदी कुत्राही होता. प्रत्यक्षात प्लॅस्टिक अंथरून वर वाळू-खडी पसरलेला एक भला मोठा खड्डा होता.

"लेक-व्ह्यू का पैसा दिया है," अलिशा बिल्डरच्या ऑफिसात म्हणाली. "व्ह्यू तो है. अब लेक लाओ."

यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. साखळीत कोणाचंच काही चुकत नसतं, हेच तिचं बलस्थान आहे.

अशा रीतीने शारजातल्या एका बाईच्या खिडकीचा प्रश्न पाणीपुरवठ्याचा झाला. दर रविवारी इतर कुटुंबं मॉलमध्ये जात. धारप खड्डा बघायला जात. गुणवंत काठावर हात कमरेवर ठेवून उभे राहत. सोळा वर्षांची सृष्टी गाडीतून उतरत नसे. नऊ वर्षांचा तन्मय विचारी, "बाबा, इज इट अ लेक नाऊ?" आणि बिल्डरच्या ऑफिसातला सतीश, जो साताऱ्याचा असल्यामुळे गुणवंतांशी अत्यंत आपुलकीने खोटं बोलत असे, सांगे, "सर, पुढच्या क्वार्टरमध्ये नक्की. इन्शाल्ला." (यातला 'नक्की' मराठीतून आणि 'इन्शाल्ला' अरबीतून घेतलेला असून दोन्ही एका वाक्यात आले की ते एकमेकांना रद्द करतात.)

एवढं असतं तरी निभावलं असतं. पण सुनेत्राकडून जानेवारीतच एक घोडचूक झाली होती. बँकेचं कर्ज मंजूर झाल्याच्या आनंदात तिने ते दुसऱ्या मजल्यावरच्या ममताला सांगून टाकलं.

परदेशातल्या मराठी मंडळींमध्ये बातमी आणि निरोप समारंभ यांच्यात फार तर एक वीकेंड जातो. ममता बिल्डिंगमधल्या मराठी मंडळाची प्रमुख होती (निवडणूक झाली नव्हती, गरजही पडली नव्हती). तिने पावभाजी, श्रीखंड आणि सर्वांच्या वर्गणीतून पितळी समई असा घसघशीत निरोप दिला. भाषण करताना ती रडली. धारपांचा बाल्कनीवाला फ्लॅट त्यांच्यानंतर ममतालाच द्यायचं घरमालकाने कबूल केलं होतं. त्या अश्रूंचा आणि बाल्कनीचा संबंध जोडणं योग्य होणार नाही, म्हणून इथे तो फक्त नोंदवला आहे.

निरोप दिलेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरतं, तेव्हा समाजापुढे मोठा पेच उभा राहतो. त्याला नमस्कार करावा तर कालचे हुंदके वाया जातात. न करावा तर ते लिफ्टमध्ये शेजारीच उभं असतं. या पेचातून धारपांच्या घरात काही नियम आपोआप तयार झाले. शाळेच्या बसच्या वेळी लिफ्ट वापरायची नाही, जिना वापरायचा. कढीपत्ता, विरजण, शिडी यांपैकी काहीही कोणाकडे मागायचं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं चुकून आलं तर ते चुकूनच आलंय असं समजायचं. समई भेट मिळाली आहे म्हणून लगेच वापरायची नाही. ती नव्या घरासाठी आहे, आणि ममता येऊन बघते.

ममता खरंच येई. मेजरिंग टेप घेऊन.

"तुम्ही जेवा हो, माझ्याकडे लक्ष देऊ नका. पडद्यांचं माप घेते. अगं सुनेत्रा, हा खिळा काढणारेस की ठेवणारेस?"

"काढायचा होता," सुनेत्रा म्हणे.

"ठेव. मला घड्याळाला होईल. तुमचं काय, खलास ना सगळं? कधी निघताय?"

"तळं भरलं की."

या उत्तराने ममताचा चेहरा असा काही व्हायचा, की सुनेत्राला पुढचं समजावून सांगायचा धीर होत नसे.

मार्चमध्ये दुसरा निरोप झाला, कारण रेहानने तारीख दिली होती. या वेळी समोसे होते आणि भाषण तेच होतं, रडणं वगळून. मग तारीख हुकली. मे महिन्यातला तिसरा निरोप दुसऱ्याच कोणाच्या तरी वाढदिवसावर भागवण्यात आला. केकवर सुजीतचं नाव होतं. सुनेत्राला त्यातलं शेवटचं अक्षर मिळालं. उपलब्ध आकडेवारीनुसार, तीनदा निरोप घेऊनही न गेलेल्या कुटुंबांपैकी शंभर टक्के कुटुंबांना शेजाऱ्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आहे (पाहणीतली कुटुंबं: एक).

आणि आता खरंच गळ्याशी आलं होतं. घरमालकाने ममताशी करार करून टाकला होता. एक जुलैला धारपांनी चावी द्यायची, मग तळं भरो न भरो. म्हणजे खिडकी तर राहिलीच, डक्टसुद्धा हातचा जाणार.

त्याच आठवड्यात सतीशचा फोन आला. "सर, गुड न्यूज. पाणी सोडायला टँकर उभे आहेत." गुणवंत खुर्चीतून उठले. "फक्त एक छोटा इश्यू आहे. टिटवी."

"कोण?"

"पक्षी, सर. तळ्याच्या मधोमध अंडी घातलीत. साइटवरच्या गोऱ्या मॅडमने दोरी बांधून बोर्ड लावलाय. पिल्लं बाहेर येईपर्यंत पाणी बंद."

साखळीचं वरचं टोक अखेर सापडलं. तिथे ना बँक होती, ना बिल्डर. तिथे एक टिटवी होती. तिने जागा पाहिली, पसंत केली आणि त्याच दिवशी राहायला आली. डिपॉझिट नाही, दलाल नाही, एनओसी नाही. उलट, बँकेपासून बिल्डरपर्यंत सगळे आता तिच्याच एनओसीसाठी थांबले होते. गुणवंतांनी सतीशकडून अंड्यांची लेखी तारीख मागितली. रेहानने त्याला फोन करून विचारलं, "भाई, उसको कहीं और शिफ्ट नहीं कर सकते?" अलिशा म्हणाली, पक्षी राहू दे, पण मग भाव कमी करा.

सुनेत्रा मात्र रविवारी छत्री घेऊन स्वतः निघाली. काय करणार होती, ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण टिटवीला तोंडावर चार शब्द सुनवायचे, एवढं पक्कं होतं.

ती दोरीपाशी पोहोचताच टिटवीनेच तिला चार शब्द सुनावले. मग चाळीस. मग ओरडत उडाली, टँकरखालच्या गळक्या डबक्यात जाऊन पोट भिजवून आली आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसली. अंडी गार राहावीत म्हणून. थोड्या वेळाने पुन्हा उठली, पुन्हा भिजून आली. वर सावलीचं नाव नव्हतं.

"चल गं, उन्हात काय उभी राहिलीस?" गुणवंत गाडीतून म्हणाले.

"थांबा हो. ती बसली नाही अजून."

टिटवी बसली. सुनेत्राने छत्री मिटली आणि ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बस बाई. तुझं होऊ दे आधी." त्यानंतर ती सतीशला फोन करी तेव्हा तळ्याचं विचारायची नाही. "बरी आहे ना ती?" एवढंच.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पिल्लं बाहेर आली आणि पायांनी चालत निघून गेली. कोणी निरोप दिला नाही. पाणी सुटलं. अलिशा आली, तिने तळ्याकडे पाच मिनिटं पाहिलं, फार चमकतं म्हणून जाड पडदे लावून घेतले आणि जुन्या घराची चावी रेहानला दिली. रेहानने धारपांना. सगळी साखळी एका आठवड्यात अशी धडधड सरकली, जणू ती कधी अडलीच नव्हती.

धारप खरोखर निघाले त्या दिवशी खाली कोणीही नव्हतं. बिल्डिंगमधला निरोपाचा साठा संपला होता. ममताने वरूनच हाक मारली, "पोचलात की मेसेज टाका हं!" आणि ती खिळा बघायला आत गेली.

नव्या घरात सुनेत्राने चपला न काढता पहिली खिडकी उघडली. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत होती, एसीचे डबे होते, आणि बरोबर समोरच्या खिडकीत एक बाई तांदूळ निवडत होती.

"मराठी का?" ती म्हणाली. "मी संजना. कायमच्या आलात?"

"छे हो!" सुनेत्रा म्हणाली. "दोन-तीन वर्षं. मुलीचं कॉलेज मार्गी लागलं की पुण्याला परतच जायचंय."

"आई," मागून तन्मय म्हणाला, "वी जस्ट बॉट इट."

"आम्हीपण तसंच आलो होतो," संजना म्हणाली आणि तांदळातला एक खडा बाहेर टाकला. "एकोणीस वर्षं झाली."

वाचकांना इथे हसू आलं असल्यास जरूर हसावं. फक्त हसून झाल्यावर ती माणसं आठवावीत, ज्यांनी विमानतळावर तुमच्या हातावर दही-साखर ठेवून डोळे पुसले होते आणि ज्यांना तुम्ही "दोनच वर्षांचा प्रश्न आहे" असं सांगितलं होतं. त्यांच्यापैकी काहींचं वाट बघणं आता संपलेलं आहे. उरलेल्यांना आज फोन करा. काय सांगायचं, ते तुम्हाला पाठच आहे.